दहा घरांची एक ओळ

ग्लासगो शहराच्या दक्षिण भागात, स्ट्रॅथबंगो नावाच्या वस्तीत, रेल्वेमार्गाला समांतर गेलेल्या एका शांत रस्त्यावर दहा दुमजली घरांची एक दगडी ओळ उभी आहे. तिच्या वरच्या मजल्यावर चौकोनी खांबांची रांग धावत जाते आणि तिच्याकडे पाहताना एक घर कुठे संपले व शेजारचे कुठे सुरू झाले, हे डोळ्यांना उमगत नाही. खांब सगळे एकाच मापाचे, त्यांच्यातले अंतर एकसारखे आणि त्यांच्या माथ्यावरची आडवी दगडी पट्टी कुठेही न तुटता सलग गेलेली. दोन टोकांची घरे सोडली, तर मधल्या आठ घरांवर मिळून असे ५२ खांब आहेत. उत्तरेकडच्या देशातले ऊन बहुतेक दिवस तिरपे आणि फिकट असते. ते या रांगेवर पडले की प्रत्येक खांबाशेजारी सावलीची एक उभी रेघ उमटते आणि सगळी भिंत एखाद्या संथ लयीत चालल्यासारखी वाटू लागते. ढग आले की ती लय पुसट होते. खांब मात्र आपल्या जागी मोजून ठेवल्यासारखे उभे राहतात.

या ओळीचे नाव मॉरे प्लेस. अलेक्झांडर थॉमसन या वास्तुकाराने ती १८५९ ते १८६१ या काळात उभी केली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतल्या इमारती म्हटल्या की टोकदार कमानी, मनोरे, नक्षीदार कठडे आणि रंगीत विटा डोळ्यांपुढे येतात. मॉरे प्लेस त्याच काळातली असूनही त्या समजुतीत बसत नाही. तिच्यात कमान औषधालाही सापडणार नाही. भिंतीवर कोरीव काम आहे, पण ते दगडाच्या पृष्ठभागात उथळ खोदलेले आहे, इतके की लांबून भिंत कोरी वाटते आणि जवळ गेल्यावर पाने, कमळे, ग्रीक वळणाच्या रेघा हळूहळू दिसू लागतात. थॉमसनला त्याचे शहर ‘ग्रीक थॉमसन’ म्हणून ओळखत असे. ग्रीसचे एकही मंदिर त्याने प्रत्यक्ष पाहिले नव्हते. ब्रिटनबाहेर तो कधी गेलाच नाही. पुस्तकांतल्या कोरीव चित्रांवरून त्याने ग्रीस आणि इजिप्त जाणले, आणि त्या जाणण्यातून जे निर्माण केले ते दोन्हींपैकी कुठेही सापडत नाही.

इंग्रजीत ज्याला टेरेस म्हणतात, ती गच्ची नव्हे. एकमेकांना चिकटून, सामाईक भिंतींनी जोडलेल्या आणि एकाच आराखड्याने बांधलेल्या घरांची ती रांग होय. प्रत्येक घराला स्वतःचा दरवाजा, स्वतःचा जिना, मागे स्वतःचे परस असते. मात्र रस्त्याकडची दर्शनी बाजू सगळ्यांची मिळून एक असते. बाथ शहरात जॉन वूड या वास्तुकाराने १७२८ पासून क्वीन स्क्वेअरची एक बाजू अशी रचली की भाडेकरूंची कितीतरी घरे मिळून एखाद्या मोठ्या राजवाड्याचे रूप धारण करतात. पुढे एडिंबरामध्ये रॉबर्ट ॲडमने शार्लट स्क्वेअरसाठी १७९१ साली हीच कल्पना अधिक रेखीवपणे मांडली. ग्लासगोतही क्लाइड नदीच्या दक्षिण काठावर कार्ल्टन प्लेस ही भव्य ओळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली होती. तिचा आराखडा पीटर निकल्सन याचा, आणि सुतारकाम व दगडकामावरची निकल्सनची पुस्तके त्या काळच्या कारागिरांच्या हाताशी असत. त्याच्याच नातीशी, जेन निकल्सनशी, १८४७ साली थॉमसनचे लग्न झाले. ओळीने घरे रचण्याची विद्या अशा रीतीने त्याच्या घरात नात्यानेही आली होती.

राजवाड्यासारख्या दिसणाऱ्या या जुन्या ओळींचा एक ठरलेला नियम होता. मध्यभागी खांबांवर तोललेला त्रिकोणी शिरोभाग, ज्याला पेडिमेंट म्हणतात, तो ठेवायचा, दोन टोके किंचित पुढे काढायची आणि मधली घरे नम्रपणे मागे राहू द्यायची. त्यामुळे मधल्या घराचा मालक नकळत राजा ठरे. थॉमसनने मॉरे प्लेसमध्ये मध्यच काढून टाकला. टोकांची दोन घरे पुढे आली आहेत, त्यांच्या दर्शनी भागावर दोन्ही मजले व्यापणारे भिंतीला चिकटलेले चपटे खांब आहेत आणि माथ्यावर पेडिमेंट आहेत. पण त्यांच्यामध्ये केवळ पुनरावृत्ती आहे. कोणतेही घर शेजारच्याहून मोठे नाही, कोणाचा दरवाजा अधिक मिरवत नाही. जिथे जुने वास्तुकार शिखर बांधत, तिथे थॉमसनने लय ठेवली, आणि ही त्याची सर्वांत धाडसी कृती होती असे म्हणावे लागते. कारण पुनरावृत्तीत कंटाळा येण्याचा धोका असतो आणि तो टाळायचा तर प्रत्येक माप अचूक असावे लागते.

मराठी वाचकाला या रचनेची ओळख वाड्याच्या ‘खणा’वरून सहज पटावी. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि सोपा पाच खणांचा की सात खणांचा यावर वाड्याची ऐपत कळत असे. खांब, त्यावर तुळई, पुन्हा खांब, अशा मोजमापाने घर वाढत जाई. थॉमसनचे मॉरे प्लेसही याच तत्त्वावर उभे आहे. उभा खांब आणि आडवी तुळई यांवरच त्याची भिस्त होती. कमानीवर त्याचा विश्वास नव्हता, आणि या अविश्वासामागे त्याच्या दृष्टीने नीतीचा प्रश्न होता. कमान आपल्या पायांना सतत बाहेर ढकलत असते, म्हणून तिला आधाराच्या भिंती लागतात, त्या आधारांना आणखी आधार लागतात. उलट खांबावर ठेवलेली तुळई आपले वजन सरळ जमिनीत सोपवते आणि स्थिर होते. प्रेस्बिटेरियन पंथातला हा निष्ठावंत माणूस आडव्या रेषेत शांती आणि अनंताची सूचना पाहत होता. १८७४ साली ग्लासगोत त्याने वास्तुकलेवर दिलेल्या व्याख्यानांत इजिप्त आणि ग्रीस यांना मानाचे स्थान आहे. मॉरे प्लेसच्या वरच्या मजल्यावरील रांग टोकाच्या घरापाशी थांबते खरी, पण ती आणखी कितीही पुढे जाऊ शकली असती, असे पाहणाऱ्याला वाटत राहते. ते वाटणे योजलेले आहे.

ही ओळ कोणत्या शहरात उभी राहिली, हेही ध्यानात घ्यायला हवे. कापूस, लोखंड आणि जहाजबांधणी यांनी फुगलेल्या त्या काळच्या ग्लासगोत बहुसंख्य लोक टेनमेंटमध्ये राहत, म्हणजे एकाच सामाईक जिन्यावर अनेक बिऱ्हाडे असलेल्या तीन-चार मजली दगडी इमारतीत. त्यांतल्या चांगल्या टेनमेंट आजही हेवा वाटावा अशा आहेत. वाईट टेनमेंट मात्र साथीच्या रोगांची कोठारे होती. थॉमसनच्या कुटुंबाने १८५०च्या दशकात त्या साथींत आपली मुले गमावली, आणि त्यानंतर हे कुटुंब शहराच्या दाट भागातून दक्षिणेकडे, मोकळ्या हवेत सरकले. मॉरे प्लेस बांधून होताच १८६१ साली तो तिच्या एका टोकाच्या, क्रमांक १ च्या घरात राहायला गेला आणि २२ मार्च १८७५ रोजी त्याच घरात वारला. आपण रचलेल्या ओळीत स्वतः शेजारी म्हणून चौदा वर्षे राहणे, रोज सकाळी आपल्याच खांबांखालून कामाला निघणे, हे फार थोड्या वास्तुकारांच्या वाट्याला आले आहे. त्याने केलेली मापे त्याला रोज तपासता आली.

त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या स्मरणार्थ तरुण वास्तुकारांसाठी प्रवासवृत्ती ठेवण्यात आली. कधीही समुद्र न ओलांडलेल्या माणसाच्या नावाने इतरांना परदेशी धाडणाऱ्या या वृत्तीवर १८९१ साली इटली पाहून आलेला विद्यार्थी म्हणजे चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश; पुढे ग्लासगोचे नाव जगभर गेले ते मुख्यतः त्याच्यामुळे.

ओळीचा दगड वालुकाश्म आहे, वाळूचे थर दाबले जाऊन झालेला, फिकट मधाळ रंगाचा. त्या काळच्या ग्लासगोला असा दगड शहराच्या दक्षिणेकडील गिफनॉकच्या खाणींतून मिळे. त्यातला सर्वांत घट्ट, एकजीव दगड गवंड्यांना विशेष प्रिय होता, कारण त्यात थर जाणवत नाहीत आणि छिन्नी हवी तिकडे वळवता येते; थॉमसनची ती उथळ, कडा धारदार राखणारी नक्षी अशा दगडाशिवाय अवघड गेली असती. १८९० नंतर डम्फ्रीसशायरचा लाल वालुकाश्म रेल्वेने येऊ लागला आणि शहराचा रंगच पालटला, त्यामुळे ग्लासगोची घरे केवळ रंगावरून साधारण कोणत्या पिढीची ते सांगता येते. छपरांवर पाटीच्या दगडाची कौले असत, आणि त्यांसाठी प्रसिद्ध असलेली बॅलाहूलिशची खाण १९५५ साली बंद झाली. आज जुन्या छपराची दुरुस्ती करायची तर पाडलेल्या इमारतींतून वाचवलेली कौलेच शोधावी लागतात.

काचेचीही एक गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ साली आणि खिडक्यांवरचा कर १८५१ साली उठला. त्याआधी घराला किती खिडक्या असाव्यात हे अंशतः सरकारी तिजोरी ठरवत होती, आणि कित्येक जुन्या घरांत बुजवलेल्या खिडक्यांच्या चौकटी अजून दिसतात. कर उठल्यावर काचेची मोठी तावदाने सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. थॉमसनच्या मनात खिडकी ही भिंतीला पाडलेले भोक अशी कधी नव्हतीच. त्याच्या काही इमारतींत खांब सुटे उभे आहेत आणि काच त्यांच्या मागे वेगळी बसवली आहे. मॉरे प्लेसच्या वरच्या मजल्यावर खिडक्या खांबांच्या रांगेत सामावून गेल्या आहेत. भिंत जवळजवळ नाहीशी झाली आहे आणि उरला आहे तो दगडाचा सांगाडा व त्यातला उजेड. पोलाद आणि काचेच्या इमारती ज्या दिशेने पुढे गेल्या, त्या दिशेचा हा एक फार लवकर झालेला इशारा मानता येईल. मात्र थॉमसनला भविष्याचा दूत ठरवण्याचा मोह आवरलेला बरा, कारण त्याची नजर इजिप्तच्या मेम्फिसकडे आणि अथेन्सकडे लागली होती.

कमानीविषयीच्या त्याच्या आग्रहाची एक बाजू मुंबईपर्यंत येऊन पोहोचते. ग्लासगो विद्यापीठाच्या नव्या इमारतीचे काम लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराकडे गेले आणि त्याने ती गॉथिक शैलीत, म्हणजे टोकदार कमानी व मनोऱ्यांच्या मध्ययुगीन धाटणीत, योजली. थॉमसनने १८६६ साली शहरातल्या वास्तुकारांच्या मंडळापुढे या निवडीवर सविस्तर आणि कडक टीका केली. टीकेचा उपयोग झाला नाही. गिलमोरहिलच्या टेकडीवर स्कॉटचे विद्यापीठ उभे राहिले. त्याच स्कॉटने त्याच सुमारास मुंबई विद्यापीठासाठी आराखडे केले, आणि त्यांवरून दीक्षान्त सभागृह १८७४ साली, तर ग्रंथालय व राजाबाई टॉवर १८७८ साली पुरे झाले. स्कॉट मुंबईला कधी आला नाही, जसा थॉमसन अथेन्सला गेला नाही. ओव्हल मैदानातून संध्याकाळी राजाबाई टॉवरकडे पाहिलेल्या कोणालाही थॉमसनची टीका अन्यायाची वाटेल, आणि ती काही अंशी अन्यायाची होतीच. पोरबंदरी आणि कुर्ल्याच्या दगडांत, स्थानिक कारागिरांच्या हातांखाली गॉथिकने जे रूप घेतले, त्याची कल्पना क्लाइडकाठच्या वादात कोणालाच नव्हती. तरीही मनोऱ्याने आकाशाकडे बोट दाखवणारी एक वास्तुकला आणि शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून आडवी पसरणारी दुसरी, हा त्या वादातला भेद खरा होता.

मॉरे प्लेसला स्कॉटलंडच्या कायद्यानुसार ‘अ’ वर्गाचे संरक्षण आहे. तिथे संरक्षित इमारतींच्या यादीत तीन वर्ग असतात आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना पहिला वर्ग मिळतो. या यादीचे काम आता हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड ही संस्था पाहते. संरक्षण बाहेरच्या भिंतीला असते तसेच आतल्या जिन्याला, छताच्या नक्षीला आणि दरवाजांनाही असते, आणि वास्तूचे स्वरूप पालटणारा बदल संमतीवाचून करणे हा गुन्हा ठरतो. त्याच्याही आधी स्कॉटलंडमध्ये ‘फ्यू’ नावाची जमीनधारणेची जुनी पद्धत होती. जमिनीचा मूळ धनी ती कायमची देई, पण दरसाल ठरावीक रक्कम घेई आणि सनदेत अटी घाली: घराची उंची एवढीच, रस्त्यापासून अंतर एवढेच, दुकान काढायचे नाही, शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीचा खर्च अर्धा अर्धा. कितीतरी ओळी दीडशे वर्षे एकसंध राहिल्या त्या अशा अटींमुळे. २००४ साली ही सरंजामी पद्धत रद्द झाली, आणि ती रद्द होणे योग्यच होते. पण शेजाऱ्यांना एका ओळीत बांधून ठेवणारा तो जुना धागाही तिच्याबरोबर बराच सैल झाला.

कारण ओळीचे दुखणे वेगळेच असते. किल्ला, देऊळ, राजवाडा यांना एक धनी असतो आणि त्याच्याकडे बोट दाखवता येते. दहा घरांच्या ओळीला दहा धनी असतात, प्रत्येकाचा पैसा, आवड आणि घाई निराळी असते, आणि सौंदर्य मात्र वाटून घेता येत नाही. एकाने वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी काढून प्लॅस्टिकची बसवली, दुसऱ्याने दगडाला रंग लावला, तिसऱ्याने छपराला उजेडाची खिडकी पाडली, तर प्रत्येकाने आपल्याच घराला हात लावलेला असतो, आणि ५२ खांबांची लय मात्र सगळ्यांचीच बिघडलेली असते. दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, सिमेंटने भरणे हा त्यातला सर्वांत साळसूद अपघात आहे. चुन्याची दरज मऊ असते, ती भिंतीतली ओल बाहेर सोडते आणि स्वतः झिजते; सिमेंटची दरज कठीण असते, ओल तिच्यामागे कोंडते आणि शेवटी दगडाचेच पापुद्रे सुटतात. दुरुस्ती झाल्याच्या समाधानात दहा-वीस वर्षे जातात आणि मग नक्षीची कडा हातात येते. पूर्वी कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या भिंती रसायनांनी आणि वाळूच्या माऱ्याने उजळवण्याची लाट ग्लासगोत आली होती, तिनेही अनेक इमारतींच्या दगडाचे वरचे कवच खरवडून नेले. काजळीने जेवढे बिघडवले नव्हते, तेवढे त्या स्वच्छतेने बिघडवले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मुंबईच्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला स्कॉटचे गॉथिक आहे, तर पश्चिमेला भराव घातलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींची रांग आहे, आणि दोहोंना मिळून २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा मानले. त्या पश्चिमेच्या रांगेतली प्रत्येक इमारत निराळ्या मालकीची, निराळ्या नावाची असली, तरी उंची, गोलसर बाल्कन्या आणि आडव्या पट्ट्या यांच्या मेळातून तिला रूप आले आहे. मुंबईत वारसा इमारतींची श्रेणीवार नियमावली १९९५ पासून आहे. नियमावली मोठे पाडकाम अडवू शकते. बंद केलेली एकेक बाल्कनी, चौकटीवर बसवलेले एकेक वातानुकूलन यंत्र आणि वेगळ्या रंगात रंगवलेला एकेक मजला यांना मात्र ती पुरी पडत नाही, तिथे राहणाऱ्यांनीच एकत्र बसून काही ठरवावे लागते.

थॉमसनच्या बाकीच्या कामांचे पुढे काय झाले, हे पाहिले की मॉरे प्लेसचे टिकणे किती नशिबाचे आहे ते कळते. कॅलेडोनिया रोडवरील त्याचे चर्च १९६५ साली आगीत भस्मसात झाले आणि तेव्हापासून मनोरा व दर्शनी भिंत छपराविना उभी आहेत. क्वीन्स पार्कचे चर्च दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली बॉम्ब पडून नष्ट झाले. एग्लिंटन स्ट्रीटवरील क्वीन्स पार्क टेरेस ही टेनमेंटची विलक्षण ओळ मात्र युद्धात पडली नव्हती. ती शांततेच्या काळात, १९८०च्या सुमारास, जीर्ण झाली म्हणून पाडली गेली. तिच्या जाण्याची खंत बाळगणारे लोक पुढे संघटित झाले, १९९१ साली अलेक्झांडर थॉमसन सोसायटी स्थापन झाली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे वास्तुइतिहासकार गॅव्हिन स्टँप हे स्वतः मॉरे प्लेसच्या क्रमांक १ मध्ये राहिले आणि थॉमसनच्या त्या घराला त्याचे जुने रूप देण्यासाठी खपले. यादीतल्या ‘अ’ या अक्षराचे मोल आहेच, पण क्वीन्स पार्क टेरेससुद्धा ग्लासगोकरांना अनोळखी नव्हती. तिला जे मिळाले नाही ते म्हणजे वेळेवर छप्पर शाकारणारे, चुन्याने दरजा भरणारे आणि शेजाऱ्याशी विचारविनिमय करून खर्च उचलणारे रहिवासी. मॉरे प्लेसला ते मिळाले. तिथे तिकीटघर नाही, मार्गदर्शक नाही. ती दहाही घरे आज लोकांची राहती घरे आहेत.